नायिकेला नाही म्हणता येतं का?



स्मृतिव्याख्यानाचा विषय भारदस्त असावा असा प्रघात आहे. शेतीचं अर्थकारण, लोकशाहीपुढचे प्रश्न, गेला बाजार संतसाहित्य. मी मात्र प्रेमाच्या विनोदी नाटकांबद्दल बोलणार आहे आणि त्यात कृत्रिम बुद्धिमत्ता आणणार आहे. विषय ऐकून चिटणीस ‘चालेल’ म्हणाले, पण पाठोपाठ ‘लोक बसतील ना?’ असंही त्यांनी विचारलं. वडशात हा प्रश्न रास्तच आहे. लोकांना रात्रभर बसवून ठेवणाऱ्या मंडळींची कार्यालयं इथल्या रस्त्यावरच आहेत.

हे व्याख्यान पुढे छापलं जाणार आहे, म्हणून बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा झाडीचा मुलूख, म्हणजे झाडीपट्टी. धान घरात आलं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, कुठे शंकरपट होतो आणि नाटक लागतं. हे होळीपर्यंत चालतं. या धंद्याचं ठाणं वडसा, म्हणजे कागदोपत्री देसाईगंज. नाटक रात्री दहानंतर उभं राहतं आणि पहाटे आटोपतं. त्यात गाणी असतात, रडारड असते, खलनायक असतो, आणि विनोदी पात्र नसेल तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. त्या निमित्ताने लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, पाहुण्यांबरोबर त्यांची लग्नाळू पोरं येतात. रंगमंचावर नायक नायिकेची मनधरणी करत असतो, तेव्हा मंडपात दोन-चार सोयरिकींची पहिली पाहणी चालू असते. प्रियाराधनावर बोलायला याहून योग्य गाव मला महाराष्ट्रात दिसत नाही. पुणेकरांनी रागावू नये.

या रंगभूमीची एक खूण आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. इथला नायक बहुधा पुस्तकी मराठी बोलतो. शुद्ध, घोटलेली, अलंकारिक. झाडीबोली येते ती विनोदी पात्राच्या तोंडी. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला. तिला ‘ण’ आणि ‘ळ’ लागत नाहीत, तरी तिचं कुठे काही अडत नाही. नायक चंद्र, चकोर आणि जन्मोजन्मीचं नातं आणतो. मग विनोदी नट येतो, एका वाक्यात त्या चंद्राची चौकशी करतो, आणि मंडप त्याच्या बाजूचा होतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, ती अशीच माणसं हसवण्याच्या कामासाठी. देशाने झाडीपट्टीकडे पाहिलं आणि त्याला दिसला तो विनोदी नट. याला मी योगायोग म्हणणार नाही.

आता यंत्राकडे वळू.

यंत्रमानव आणि प्रेम यांची गाठ चित्रपटांनी घातली असं आपल्याला वाटतं. ती नाटकाने घातली. कारेल चापेक या चेक लेखकाचं ‘आर. यू. आर.’ १९२१ साली प्राग शहरात रंगमंचावर आलं. ‘रोबो’ हा प्राणी जगाला त्या नाटकाने दिला. त्यात यंत्रमानव बंड करतात, माणसं मारतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण त्याचा शेवट दोन यंत्रमानवांच्या प्रेमावर होतो. आणि ते प्रेम ओळखायचं कसं? दोघांपैकी एकाला कापून पाहायची वेळ येते, तेव्हा प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवायला स्वतः पुढे येतो. म्हणजे या विषयावरच्या पहिल्याच नाटकात यंत्र प्रेमात पडल्याची खूण अशी, की ते सांगितलेलं ऐकत नाही. हे ध्यानात ठेवा, मला त्याचं काम आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे, पण फार थोड्यांनी तिच्याकडे त्या नजरेने पाहिलं आहे. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६६ साली माणसाशी गप्पा मारणारा एक प्रोग्रॅम जगापुढे ठेवला. त्याचं नाव एलायझा. हे नाव कुठलं? बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलं विकणाऱ्या पोरीचं. शिकवत गेलं तर ही अधिकाधिक चांगलं बोलेल, म्हणून तिचं नाव. आता तीच पोरगी मराठीत कोण? १९७५ साली पु. ल. देशपांड्यांनी तिला ‘ती फुलराणी’ केलं. भक्ती बर्वे मंजुळा झाल्या, सतीश दुभाषी तिला बोलायला शिकवणारे प्राध्यापक झाले. म्हणजे आज खिशातल्या फोनवर जे यंत्र आपल्याशी गोड बोलतं, त्याची आद्य पूर्वज आणि आपली मंजुळा या सख्ख्या बहिणी आहेत. एक संगणकात गेली, एक मराठी रंगभूमीवर आली.

संगणकातली बहीण काय करत होती? फार काही नाही. समोरच्याने लिहिलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा. कोणी आईचा उल्लेख केला की ती म्हणणार, तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा. काहीच सापडलं नाही तर ‘पुढे बोला’. तिला कळत काही नव्हतं. पण वायझेनबॉमने पुढे आपल्या पुस्तकात एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याच्या सेक्रेटरीने त्याला हे यंत्र महिनोन्‌महिने बनवताना पाहिलं होतं. तो नुसता प्रोग्रॅम आहे हे तिला ठाऊक होतं. तरी तिने एलायझाशी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर त्याला विनंती केली, की तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का?

याहून चांगला प्रवेश प्रेमाच्या विनोदी नाटकात मी पाहिलेला नाही. तिसऱ्या माणसाने बाहेर जावं असं वाटणं, हीच तर प्रियाराधनाची पहिली पायरी. वायझेनबॉम मात्र हसला नाही. तो घाबरला, आणि पुढचं आयुष्य त्याने लोकांना या असल्या यंत्रांपासून सावध करण्यात घालवलं.

आता शॉचं नाटक. त्यातला सगळ्यांत गाजलेला प्रवेश चहापानाचा. पोरीला उच्चार शिकवलेत, हवापाण्यावर बोलायला शिकवलंय. ती प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात येते, स्फटिकासारख्या उच्चारांत बोलू लागते, आणि तसंच बोलता बोलता आपल्या मावशीला घरच्यांनी कसं उडवलं असावं ते सांगून मोकळी होते. वाणी निर्दोष, पण कुठे काय बोलू नये याचा पत्ता नाही. आजची बोलकी यंत्रं बरोबर याच चहापानाला बसलेली आहेत. त्यांचं मराठी झाडीपट्टीतल्या नायकासारखं आहे: व्याकरण चोख, मनःपूर्वक आभार, हार्दिक शुभेच्छा. त्यांना प्रेमपत्र लिहायला सांगा, लगेच चंद्र येतो. त्यांच्यात नाही तो आपला विनोदी नट.

हा उणेपणा मला किरकोळ वाटत नाही. सिंदेवाहीच्या एखाद्या पोराने मुलीला तसला निरोप पाठवला, तर तिला पहिला संशय प्रेमाचा येणार नाही. ती विचारेल, हे लिहिलं कोणी?

दुसऱ्याने लिहून दिलेल्या प्रेमाची गोष्ट जुनीच आहे. एदमाँ रोस्ताँच्या ‘सिरानो द बेर्जराक’ या १८९७ सालच्या फ्रेंच नाटकात मोठ्या नाकाचा कवी देखण्या पण मुखदुर्बळ शिपायासाठी पत्रं लिहितो, आणि नायिका पत्रांच्या प्रेमात पडते. आपल्याकडे मधला माणूस नाही तर मधली वस्तू घोटाळा करते. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ सालचं. त्यात आश्विनशेठची तसबीर हरवते, ती भलत्या हाती लागते, आणि तेवढ्या एका चित्रावरून फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती, आश्विनशेठ सगळे एकमेकांवर संशय घेत सुटतात. यंत्राने बनवलेल्या खोट्या छायाचित्रांवर आज परिसंवाद होतात, पण तसबीर खरी असली तरी पाहणारा तिच्यावर वाटेल ती गोष्ट रचू शकतो, हे देवलांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून ठेवलं. खोट्या तसबिरीने फाल्गुनरावाचं काम थोडं सोपं होईल, एवढंच.

तर माझं म्हणणं असं आहे. प्रेमाच्या विनोदी नाटकाला तो आणि ती पुरत नाहीत, मधला कोणीतरी लागतो: पत्रलेखक, तसबीर, प्राध्यापक, आत्या. विनोद घडतो, कारण मधल्याचा बेत फसतो. आणि बेत फसतो, कारण नायिकेला तिचं स्वतःचं मत असतं. तिला ‘नाही’ म्हणता येतं. ती मुभा काढून घेतली तर नाटकात लग्न उरेल, प्रियाराधन उरणार नाही.

शॉने हे ताणून धरलं. त्याने ‘पिग्मॅलियन’ला प्रणयकथा म्हटलं होतं, पण शेवटी एलायझा शिकवणाऱ्या प्राध्यापकाला सोडून निघते. १९१४ साली लंडनला नाटक लागलं, तेव्हा प्राध्यापकाचं काम करणाऱ्या बीअरबोम ट्री या नटाने पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकायला सुरुवात केली, म्हणजे प्रेक्षकांनी काय ते समजून घ्यावं. शॉ भयंकर चिडला. दोन वर्षांनी त्याने छापील नाटकाला एक लांबलचक उपसंहार जोडला आणि तिचं लग्न प्राध्यापकाशी झालंच नाही, फ्रेडी नावाच्या भोळसट पोराशी झालं, असं बजावून सांगितलं. तरी पुढचे चित्रपट आणि ‘माय फेअर लेडी’ तिला परत प्राध्यापकाच्या घरी आणतच राहिले. शॉ तत्त्वाला धरून होता आणि प्रेक्षक गोड शेवटाला. या भांडणात मी शॉच्या बाजूचा आहे, पण तिकीट खिडकीवर बसायला मला सांगू नका.

यंत्रावरची एक प्रेमकथा हिंदीत फेब्रुवारी २०२४ मध्ये आली: ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’. शाहीद कपूर यंत्रमानवांचा अभियंता. त्याला लग्नाला मुलगी पसंत पडत नाही. अमेरिकेत मावशीकडे जातो, सिफ्रा नावाच्या मुलीच्या प्रेमात पडतो, आणि मग कळतं की क्रिती सनॉनने साकारलेली ही मुलगी यंत्र आहे. तरी तो तिला घरी आणतो आणि घरच्यांपुढे सून म्हणून उभी करतो. चित्रपटातली खरी गंमत प्रेमाची नाही, ती या सूनदर्शनाची आहे. सांगितलेलं सगळं ऐकते, दमत नाही, रुसत नाही, स्वयंपाक करते. घराला कुठे काही खटकत नाही! लेखक-दिग्दर्शकांना किती अभिप्रेत होतं कोण जाणे, पण यंत्राबद्दलचा हा विनोद उलटून आपल्या घरांवर येतो. आदर्श सुनेची आपली यादीच अशी आहे की तीत यंत्र बसतं. चापेकचे यंत्रमानव प्रेमात पडले ते सांगितलेलं न ऐकल्याने, आणि सिफ्रा पसंत पडली ती ऐकल्याने. शंभर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, ते तुम्ही ठरवा.

इथे कोणी म्हणेल, शहरातल्या नाटकांचं आणि परदेशचं फार झालं, आमच्या जंगलातलं बोला. बोलतो. पण आदिवासी तरुण-तरुणींच्या घोटूलचं नाव निघालं की शहरी लेखकांच्या डोळ्यांत एक विशिष्ट चमक येते, ती मला आवडत नाही. व्हेरिअर एल्विनने बस्तरच्या मुरिया लोकांच्या घोटूलवर १९४७ साली भलाथोरला ग्रंथ लिहिला. लोकांनी त्यातलं नको तेवढं लक्षात ठेवलं आणि बाकीचं सोडलं. बस्तर वेगळं, आपल्या भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांतला गोटूल वेगळा. इथे तो गावाच्या बैठकीची, पाहुण्यांची, नाचगाण्याची जागा आहे. एल्विनच्या ग्रंथातली मला भावलेली गोष्ट साधी आहे. मुरिया मुलगा आवडत्या मुलीला लाकडाची फणी कोरून देतो. फणी स्वतः कोरायची, तिच्यावर नक्षी काढायची. मुलीने ती केसांत माळली तर सगळ्या गावाला दिसतं. नाही माळली तर तेही दिसतं.

दुसरी रीत गोंड समाजातली, लमसेन्याची. वधूच्या बापाला द्यायला पैसे नसतील तर मुलगा त्याच्या घरी राहतो, नांगर धरतो, लाकडं आणतो, कधी वर्षानुवर्षं, आणि मग लग्न होतं. तेवढ्या काळात मुलीला आणि तिच्या घरच्यांना हा माणूस सकाळी कसा उठतो, रागावतो कसा, हे सगळं कळून चुकतं. या रीतीत पोराची पिळवणूकही होत असणार, मी तिचा गौरव करत नाही. पण या कामात मधल्या यंत्राला शिरकाव नाही. लाकूडफाटा दुसऱ्याकडून लिहून घेता येत नाही.

यंत्र आपल्या मुलुखात आलं ते प्रेमासाठी नाही, वाघासाठी. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाजवळ कॅमेरे बसवले आहेत. समोर आलेलं जनावर वाघ आहे हे यंत्र चित्रावरून ओळखतं आणि गावकऱ्यांना फोनवर इशारा देतं. यंत्राने करावं असं हे काम आहे. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं, लवकर द्यायचं, आणि मग गप्प बसायचं.

आणि वाघांच्या सोयरिकीचं म्हणाल, तर त्यातही मधला माणूस आहेच. आपल्या बाजूला वाघ दाटीने झालेत आणि शेजारच्या नवेगाव-नागझिऱ्यात वाघिणी कमी पडतात. म्हणून २० मे २०२३ रोजी इकडच्या दोन वाघिणी तिकडे नेऊन सोडल्या, गळ्यात पट्टे घालून, म्हणजे त्या कुठे जातात ते उपग्रहावरून कळावं. वनखात्याने स्थळ काढलं, वाहनाची सोय केली, मंत्री निरोपाला हजर. मानपान तेवढा राहिला. पण पुढचं कुणाच्या हातात होतं? वाघीण कुठल्या नाल्याने जाईल, कुठल्या वाघाजवळ थांबेल, थांबेल की नाही, हे पट्टा सांगतो, पण ती गेल्यानंतर. नकाशावरचा ठिपका तिच्या मागून चालतो. वनखात्याइतका नम्र मध्यस्थ माणसांच्या लग्नात मी पाहिलेला नाही.

आता शेवटचं. झाडीपट्टीच्या लेखकांनी आत्तापर्यंत काही सोडलेलं नाही. दारू, हुंडा, जातीबाहेरचं प्रेम, सगळं इथे येऊन गेलं. नवरगावच्या सदानंद बोरकरांचं ‘आत्महत्या’ शेतकऱ्यांच्या मरणावर उभं राहिलं आणि लोकांनी ते पहाटेपर्यंत पाहिलं. तेव्हा फोनमधल्या यंत्रावरचं प्रेमाचं विनोदी नाटक पुढच्या एखाद्या हंगामात इथे येईलच. ते कसं व्हावं, याबद्दल माझ्या मनात एक कच्चा आराखडा आहे, तो फुकट देऊन टाकतो.

नायकाला बोलायला जमत नाही. तो फोनकडून निरोप लिहून घेतो. नायिकाही कामात असते, धान रोवायचं आहे, ती आपल्या फोनला सांगते, दे काहीतरी उत्तर. झालं. पहिला अंकभर दोन फोन एकमेकांवर प्रेम करतात. चंद्र, चकोर, जन्मोजन्मीचं नातं, आणि माणसं दोन वेगळ्या बांध्यांत चिखलात वाकलेली. घरच्यांना निरोप सापडतात, सगळे गहिवरतात, सुपारी फुटायची वेळ येते. मग मंडईत दोघं समोरासमोर येतात. तो घाबरून तोंड उघडतो आणि निघतं ते नुसतं झाडीतलं, अडखळत, चुकीचं. ती हसते आणि म्हणते, ‘मंग ते कोन लिवत होता गा?’ इथे मध्यंतर घ्या.

दुसऱ्या अंकात तिने काय करावं? मी लेखकाला एकच अट घालीन. होकार तिने लगेच देऊ नये. आणि तिचा नकार खरा वाटला पाहिजे, मंडपातल्या पोरांच्या पोटात गोळा आला पाहिजे. नाहीतर फुलं फेकणारा ट्री इथेही जन्माला येईल.

यंत्राचं काम कोणाला द्यायचं, यावरही मी विचार केला आहे. चकचकीत कपड्यांतला, हात ताठ करून चालणारा रोबो आणू नका, तो आता शाळेच्या स्नेहसंमेलनातही जुना झाला. यंत्र विंगेत असू द्या. झाडीपट्टीत तिथे एक माणूस पहिल्यापासून वही घेऊन बसलेला असतो. तालमी कमी, नाटकं भरपूर, त्यामुळे प्रॉम्प्टरशिवाय इथे पान हलत नाही. नायकाची पल्लेदार वाक्यं त्याच्या तोंडून आधी निघतात आणि मग नायकाच्या. पुढच्या रांगांना ती दोनदा ऐकू येतात आणि त्याची कोणाला तक्रार नाही. फोनचा आवाज म्हणून त्यालाच बोलू द्या, फक्त थोडं मोठ्याने. पहिल्या वाक्यालाच मंडप ओळखून हसेल. नायक अडखळला की तो सांगेल, नायिकेने वहीबाहेरचं उत्तर दिलं की तो पानं चाळत बसेल, आणि ते पानं चाळणं हा दुसऱ्या अंकातला सगळ्यांत मोठा हशा ठरेल, असं मला खात्रीने वाटतं. अडचण एकच आहे. इतकी वाक्यं त्याच्या वाट्याला आल्यावर तो नटाच्या दराने नाईट मागेल, आणि कंपनीच्या मालकांनी ती द्यावी. मालकांपैकी काही जण आज इथे बसलेले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.